गो, वेंट, येतो

आमच्या शेजारच्या काकांना सहा महिन्यांसाठी लेकाकडे अमेरिकेला जायचंय. हे वाक्य काकूंनी वाचलं तर पहिली चूक इथेच काढतील, कारण काका कुठे 'जात' नाहीत. वीज मंडळात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि रोज सकाळी 'येतो गं' म्हणून जिना उतरले. एकदाच घाईत 'जातो' निघून गेलं तोंडातून, तर काकूंनी परत आत बोलावलं, पाटावर बसवलं, हातावर दही-साखर ठेवली आणि 'येतो' म्हणवून मगच सोडलं. मराठी घरातून माणूस जात नाही. जो खरोखर गेला, त्याच्या तेराव्याला आपण जेवून आलेलो असतो.

अशा माणसाला इंग्रजीच्या क्लासात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिलं: गो, वेंट, गॉन. अर्थ, जाणे.

क्लास डोंबिवलीत, स्टेशनजवळच्या एका गाळ्यात. 'नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी.' फी माणशी सहा हजार, सगळी आगाऊ. मी काकांच्या सोबतीला गेलो होतो, पण सोबतीला सवलत नव्हती.

गो-वेंट-गॉन हा आमच्या पिढीचा तेराचा पाढा. आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटलं. २००० साली सरकारने ते मराठी शाळांत पहिलीपासून आणलं, म्हणजे घोकंपट्टी चार वर्षं आधी सुरू झाली. वेंट कुठून आलं हे तेव्हा कोणी विचारलं नाही. काकांनी विचारलं. "सर, बाकीच्यांना ईडी लावून भूतकाळ होतो ना? मग गोला ईडी लावून 'गोड' का नाही होत?"

वर्ग हसला. खरं तर प्रश्न मोठा होता. इंग्रजीत क्रियापदाला ईडी लावली की त्याचा भूतकाळ होतो. आपल्याकडे पुढाऱ्याला ईडी लागली की तो एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जातो आणि त्याचा भूतकाळ पुसला जातो. यातलं शेवटी गोड कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

सर म्हणाले, "इर्रेग्युलर आहे. पाठ करा."

आता यातली गंमत सरांनी सांगितली नाही म्हणून मी सांगतो. वेंट हे मुळात गोचं पोरच नव्हे. ते 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं. गोचा जुना भूतकाळ होता 'एओडे', तो काळाच्या ओघात मेला आणि वेंट दत्तक आलं. इंग्रजांना हसायचं कारण नाही, आपल्या घरीही तेच आहे. मी जातो, पण काल 'जालो' म्हणत नाही, 'गेलो' म्हणतो. 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूपासून आणि 'गेला' आला 'गत'वरून. दोन वेगळ्या घराण्यांतली माणसं एका रेशनकार्डावर नांदताहेत. पण जा-गेला-गेलेला अशी छडी खात कुणा मराठी पोराने घोकल्याचं ऐकलंय? ते आईच्या कडेवरच शिकून होतं.

गृहपाठ होता, 'गो' वापरून पाच वाक्यं. काकांनी मंडळाच्या जुन्या डायरीत बॉलपेनने, शब्दाखाली शब्द नीट लावून लिहून आणली. 'लाइट वेंट.' चौतीस वर्षांचा अनुभव बोलत होता. 'माय जॉब वेंट.' म्हणजे निवृत्त झालो. 'माय ग्रँडसन हॅज गॉन ऑन मी.' नातू माझ्यावर गेलाय, नाक तसंच आहे. 'गॉन मार्केट, गिव्ह टेन रुपीज', म्हणजे गेला बाजार दहा रुपये तरी द्या. पाचवं वाक्य त्यांनी उभं राहून वाचलं: 'माय फादर-इन-लॉ हॅज गॉन.' पुढच्या बाकावरच्या मुलीने चुकचुक केलं, सरांनी खडू खाली ठेवला, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. काका गोंधळले. सासरे नाशिकला गेले होते, वय वर्षं एक्क्याण्णव, स्वतःची पिशवी स्वतः उचलून.

इंग्रजीतही 'गो' फार शकुनाचं नाही, बरं का. दूध 'गोज बॅड', डोक्यावरचे केस जाऊन माणूस 'गोज बाल्ड', डोकंच गेलं तर 'गोज मॅड'. स्वप्न मात्र 'कम्स ट्रू'. इकडेही कष्ट वाया जातात, फुकट जातात आणि पुण्याई तेवढी कामी येते. तेव्हा काकूंचं दही-साखर प्रकरण लंडनच्या एखाद्या आजीलाही पटावं.

कोकणात तर प्रकरण आणखी वेगळं. तिथे 'गो' हे क्रियापदच नाही, बाईमाणसाला मारायची हाक आहे. 'काय गो, कशी आसस?' २०२० साली गेटवे ऑफ इंडियापाशी रामदास आठवल्यांनी 'गो कोरोना, कोरोना गो' म्हटलं तेव्हा अख्खा देश हसला, पण माझी मालवणची मावशी चिडली. "त्या कोरोनाक गो गो करून इतक्या लाडान कित्याक बोलवतत?" मावशीचा अर्थच खरा ठरला. त्याच ऑक्टोबरात आठवल्यांना कोरोना झाला. ते सुखरूप बरे झाले, पण कोरोनाने 'गो' हे आमंत्रणच समजून घेतलं होतं.

मुंबईच्या धक्क्यावर 'गो' नेहमी असंच वाया गेलंय. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन साहेब सात जणांचं कमिशन घेऊन मुंबईत उतरले. भारताचं भवितव्य ठरवायला आले आणि सातांत भारतीय एकही नाही. युसुफ मेहेरअलींनी घोषणा दिली, 'सायमन, गो बॅक!' शुद्ध, आज्ञार्थी, दोन शब्दांचं इंग्रजी. सायमन मार्चअखेर गेले आणि ऑक्टोबरात परत आले. साहेबाचं इंग्रजी कच्चं असणं शक्य नाही. माझा संशय असा की निघताना तो मनात 'येतो' म्हणाला असावा.

मेहेरअली काय ते समजले. १९४२ मध्ये त्यांनी 'गो' टाकून 'क्विट' काढलं. क्विट इंडिया. मराठीत त्याचं 'चले जाव' झालं. इंग्रजीचं भाषांतर मराठीत करायचं तर हिंदीत का केलं? कारण मराठीत ते होतच नाही. आपण माणसाला हाकलतानाही 'या आता' म्हणतो. गोवालिया टँक मैदानावर जमलेल्या गर्दीने साहेबाला 'या आता' म्हटलं असतं, तर तो खुर्ची ओढून बसला असता.

तसंही जायला त्याने वेळ लावलाच. ऑगस्ट १९४२ मध्ये सांगितलं आणि शेवटची गोरी पलटण गेटवेच्या कमानीतून बाहेर पडली २८ फेब्रुवारी १९४८ ला. साडेपाच वर्षं. आपल्याकडचे पाहुणे 'येतो' म्हणून चपला घालतात, मग दारात उभं राहून पाऊण तास बोलतात, त्यातलाच प्रकार. फक्त यांच्या चपला जड होत्या.

महिनाभराने सर एक बारीक गोष्ट शिकवायला लागले, आणि ती मात्र त्यांनी खरंच छान शिकवली. 'ही हॅज बीन टू पुणे' म्हणजे तो पुण्याला जाऊन आला. 'ही हॅज गॉन टू पुणे' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. काकांचा चेहरा उजळला. इंग्रजीतही परत येणारा आणि न येणारा असा भेद होता तर! 'येतो'ला साहेबाने अखेर जागा दिली होती. त्या रात्री काकांनी घरी तीन-तीनदा म्हणून दाखवलं आणि काकूंनी फक्त 'बीन'ला मान्यता दिली.

शुक्रवारी वर्ग सुटताना सर मोबाइल खिशात टाकत म्हणाले, "चला, येतो हं."

सोमवारी आम्ही पोहोचलो तर शटर खाली होतं. 'फाडफाड'चा बोर्ड उतरवलेला, खिळ्यांची भोकं तेवढी उरलेली. शटरवर 'गाळा भाड्याने देणे आहे' असा ताजा कागद, त्याखालचा डिंकही ओला. वडापाववाल्याने सांगितलं, रविवारी रात्री टेम्पो आला होता. त्याचेही दोनशे चाळीस रुपये राहिलेत.

काका जरा वेळ शटरकडे बघत उभे राहिले. मग चष्मा पुसला आणि सगळ्या क्लासात पहिल्यांदाच, एकही चूक न करता, पूर्ण वाक्य बोलले.

"ही हॅज गॉन."

नव्वदातले एकोणसाठ दिवस बाकी होते. माणशी सहा हजार.