ध्यान, दौंडमार्गे

निवृत्तीनंतर माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात, वेळ आणि सल्ले. वेळ कसाबसा संपतो. सल्ले संपत नाहीत. मुलीनं वाघोलीहून फोन करून सांगितलं, "बाबा, तुम्ही वर्तमानात राहत नाही." मी शिरूरला राहतो हे तिला ठाऊक आहे, तेव्हा हा काही पत्त्यातला घोळ नव्हता. पुढच्या रविवारी येऊन तिनं माझ्या मोबाईलमध्ये ध्यानाचं एक अ‍ॅप घालून दिलं. त्यातली बाई साखरेच्या पाकातून काढल्यागत बोलते. "श्वासाकडं लक्ष द्या." मी देतो. तेवढ्यात नगर रस्त्यावरून एखादा कंटेनर कर्णा फुंकत जातो, श्वास राहतो बाजूला आणि मी विचारात पडतो, हा रांजणगावच्या एमआयडीसीतून निघाला असेल की सुप्याच्या? "विचार येतील, येऊ द्या, जातील, जाऊ द्या," बाई म्हणते. येतात हो, बोलावणं न धाडता येतात. पण जायचा विषय निघाला की उंबऱ्यात उभं राहून तासभर बोलत राहतात.

आमच्या हिचं निदान आणखी कडक. "जेवताना पेपर वाचता, पेपर वाचताना टीव्ही बघता आणि टीव्ही बघता बघता झोपता. झोपल्यावर तेवढं मन लावून घोरता."

मन हिंडतं ही तक्रार तशी फार वरपर्यंत गेलेली आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं दौंडला जाताना थेऊर जवळ पडतं. तिथली कथा अशी, की प्रत्यक्ष ब्रह्मदेवाचं मन चंचल झालं आणि ते थाऱ्यावर यावं म्हणून त्यानं तिथं तप केलं, तेव्हा चिंतामणी पावला. चार दिशांना चार तोंडं असलेल्यानं मन एका जागी ठेवायचं म्हणजे कमालच. दौंडपलीकडं, भीमेच्या पैलतीरावर सिद्धटेक. मधू-कैटभांशी लढून दमलेल्या विष्णूनं तिथं गणपतीची आराधना केली म्हणतात. म्हणजे सृष्टीच्या कारभारातल्या तीन मोठ्या अधिकाऱ्यांपैकी दोघांना मनःशांतीसाठी आमच्याच भागात यावं लागलं.

आणि आता तिथं कोण येतं? दोन दिवसांत आठ गणपती करणारी बस. रांजणगावच्या महागणपतीच्या रांगेत उभं राहून पाहा. पुढचा मागच्याला विचारतो, "ओझर किती लांब?" मागचा फोनवर ओझरच्या जेवणाची चौकशी करत असतो. मला खात्री आहे, ओझरला पोचल्यावर हीच माणसं लेण्याद्रीच्या पायऱ्यांची धास्ती घेत असणार. एका आजींना मात्र मी देवासमोर डोळे मिटून अगदी निश्चल उभ्या पाहिलं. मला भरून आलं. मग त्यांच्या सुनेनं सांगितलं, बसमध्ये झोप झाली नाही त्यांची.

आमच्या आळीतले एक गृहस्थ इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले. सत्यनारायण गोएंका 1969 साली ब्रह्मदेशातून ही साधना घेऊन इकडं आले आणि 1976 पासून धम्मगिरीवर शिबिरं चालू आहेत. दहा दिवसांचं मौनाचं शिबिर, पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस नुसता श्वास न्याहाळायचा, संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळ, की दिवसाचं खाणं संपलं. फी नाही, ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणं दान द्यायचं. गृहस्थ परत आले ते खरोखर शांत होऊन. नंतर महिनाभर ते आम्हाला मौनाविषयी सांगत होते. सकाळी फिरताना, दुपारी फोनवर आणि संध्याकाळी पारावर. हिनं हे ऐकलं तेव्हा तिचे डोळे चमकले. "दहा दिवस अजिबात बोलायचं नाही? फॉर्म कुठं मिळतो?"

फॉर्म येईतो मी दौंडला मेव्हण्याकडं सटकलो.

शिरूरहून न्हावरे, पुढं भीमा ओलांडून पारगाव, केडगाव, चौफुला असा रस्ता आहे. हा सगळा उसाचा मुलूख. त्यातही राहू-केडगावकडं गुऱ्हाळं भरपूर. ओळखीच्या एका गुऱ्हाळावर उतरलो आणि रस पिऊन निघायचं सोडून काहिलीपाशी रेंगाळलो. रस उकळत होता. खाली चुलवाणात एकजण वाळकी चिपाडं सारत होता. भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येई आणि दुसरा ती झाऱ्यानं ओढून काढी. गुळव्या मात्र काहीच करत नव्हता. नुसता बघत होता. कळकट बनियन, कानावर विझलेली विडी, आणि नजर अशी की काहिलीतून कुणी हाक मारील.

मला अ‍ॅपमधली बाई आठवली. म्हटलं, तिच्यापेक्षा जाणता माणूस समोर आहे, विचारून घ्यावं. "मामा, दिवसभर असं एकटक बघता, तेव्हा मनात काय येतं हो?"

त्यानं ऐकलंच नाही. मी पुन्हा विचारलं. चिपाडंवाल्यानं माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की मी दोन पावलं मागं सरलो.

काकवीची वेळ कधीच टळून गेली होती. रस 118 अंशांच्या आसपास पोचला की गुळाचा पाक होतो असं पुस्तक सांगतं. गुऱ्हाळावर थर्मामीटर कुठला? फेसाचा रंग पालटतो, बुडबुडे मोठे होऊन जड फुटायला लागतात. गुळव्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि परातीच्या काठावर मारली. टण्ण! "उतरा!" चौघं धावले, काहील हलली, पाक वाफ्यात सांडला. क्षणभर आधी उतरवला असता तर गूळ घट्ट बसला नसता, क्षणभर उशीर झाला असता तर करपला असता. मागच्या शेताचा मालक तिथंच उभा होता, सगळा हंगाम त्या काहिलीत ओतून.

मग गुळव्यानं विडी पेटवली. "काय म्हनला मघाशी?"

मी प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

"मनात?" तो हसला. "मनात कशाला काय येतंय. आलं तर गूळ लागतो की."

मी त्याला तिथल्या तिथं ऋषी करून टाकायच्या बेतात होतो. पण त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि पुढचं आधण येईपर्यंत सगळा आवाज सोडून रील बघत बसला.

शिरूरच्या उत्तरेला आणखी एका प्रकारचं एकाग्र माणूस भेटतं. शेतपंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दारं धरायला उसात शिरणाऱ्याचं लक्ष कुठं कुठं जात नाही, कारण उसात बिबट्या असतो. पिंपरखेड, जांबूत भागात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. 2025 साली तिथले लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. असलं वर्तमान कुणाला जगायला लागू नये. त्यांना आधी दिवसाची वीज द्या, श्वासाचं नंतर बघू.

दौंडला पोचलो. मेव्हणा रेल्वेतून निवृत्त झालाय. जन्मभर इंजिनं जोडण्या-सोडण्यात गेला. 1878 साली मनमाडचा फाटा दौंडला मिळाला तो अशा बाजूनं, की सोलापूरची गाडी सरळ मनमाडकडं जाते, पुण्याच्या गाडीला मात्र आलेल्या दिशेनंच मागं फिरावं लागतं. पुढचं इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाईनवरून परस्पर जातात, तरी काही अजून मुख्य स्टेशनात येऊन तोंड फिरवतात. मेव्हणा संध्याकाळी प्लॅटफॉर्म तिकीट काढून हा सोहळा बघायला जातो. मलाही नेलं.

"इंजिन आणि डब्याच्या मधे उभा होतो ना दाजी, तेव्हा घरचं काय, पगाराचं पण आठवायचं नाही," तो बाकावर टेकत म्हणाला.

एक गाडी आली, थांबली, आणि थोड्या वेळानं उलटी निघायला लागली. तेवढ्यात एक गृहस्थ डोळे चोळत, पिशवी घेऊन दारात आले. "अहो, ही परत पुण्याला चालली!"

"नाही, मनमाडला. आत बसा," मेव्हणा ओरडला.

त्यांचा विश्वास बसला नाही, पण उडी मारायचा धीरही झाला नाही. दाराच्या दांड्याला धरून त्यांनी विचारलं, "मग तुम्ही कुठं चाललात?"

"कुठंच नाही."

"मग इथं कशाला बसलाय?"

मेव्हण्यानं घड्याळ पाहिलं. "तिकीट दोन तासांचं असतंय. अजून पाऊण तास शिल्लक आहे."