मिर्ची नगरचे जमादार

संध्याकाळी जमादारांच्या घरातून धाडधाड मारामारीचे आवाज यायला लागले की सोसायटीतला नवा भाडेकरू दचकतो. जुने लोक उठून देवापाशी दिवा लावतात. 'लिटल सिंघम' सुरू झालेलं असतं, म्हणजे दिवेलागण झाली, एवढाच त्याचा अर्थ.

जमादार सातारा जिल्हा पोलीस दलातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नुसतं फौजदार म्हणवून घेणं खोटं, हवालदार म्हटलेलं सोसत नाही, म्हणून जुन्या काळातला 'जमादार' हा हुद्दा त्यांनी स्वतःच पुन्हा चालू केला आणि लोकांनी विनातक्रार मान्य केला. पोटाचा घेर सोडला तर माणूस अजून खात्याच्या नियमात आहे. मिशी कातरलेली, पायातल्या चपलेलाही पॉलिश, भाजी आणायला निघाले तरी बायकोला "रवाना होतोय" असं सांगून निघणार आणि आल्यावर "हजर" म्हणणार.

हे कार्टून आपण नातीसाठी लावतो, असं त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं. ते निवृत्त झाले तेव्हा नात चार वर्षांची होती आणि मालिकाही वर्षभराचीच होती, तेव्हा ते खरंही होतं. आता नात सहावीत आहे. ती आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कोरियन मालिका बघते आणि मैत्रिणी घरी येणार असल्या की आधी आजोबांना बाहेर पाठवते. तरी कोणी अचानक दार वाजवलं, तर जमादार टीव्हीकडे अंगठा दाखवून म्हणतात, "पोरगी बघतीय." पोरगी दिसत नाही हे पाहुण्याच्या लक्षात आलं, तर, "येईल आत्ता."

मूळ 'सिंघम' २०११ सालचा. तोही सूर्याच्या 'सिंगम' या २०१० सालच्या तमिळ सिनेमावरून उचललेला, पण रोहित शेट्टींनी त्याला असा काही मराठी पेहराव चढवला की तो आपल्याच मातीतला वाटावा. नायक बाजीराव सिंघम, गाव शिवगड, बदली गोव्यात कोलव्याला. अजय देवगण भडकला की मराठीत भडकणार. भोवती सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी, आणि हवालदार सावळकर झालेले अशोक सराफ. सावळकरांचा विषय निघाला की जमादार थोडे हळवे होतात. "१९७५ ला 'पांडू हवालदार'मधी हवालदार, २०११ ला 'सिंघम'मधी हवालदार. छत्तीस वर्सं एकाच पदावर. प्रमोशन दिलं का कुणी?"

याच बाजीरावाचं पोर करून २०१८च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी किड्सने 'लिटल सिंघम' आणला. निर्मिती रिलायन्स अ‍ॅनिमेशनची, सोबत रोहित शेट्टींची कंपनी. गाव मिर्ची नगर. खाकी घातलेला, गॉगल लावलेला एक शाळकरी पोरगा वाघसिंहासारखा पंजा हाणतो आणि गावावर आलेलं प्रत्येक संकट अर्ध्या तासाच्या आत निपटतो. गावात मोठे पोलीस आहेत, पण पकडायचं काम या पोराचं. मुलांना यात वावगं काही वाटत नाही. जमादारांना पहिल्या दिवशी वाटलं. ते नातीच्या कानाशी लागून म्हणाले, "भरतीला उंची १६५ सेंटीमीटर लागती. छाती न फुगवता ७९, फुगवून आणखी पाच. वय अठरा पूर्ण. ह्यो तर टेबलाखालनं जातोय." नात म्हणाली, "आजोबा, गप." गप काही ते बसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. तेव्हापासूनची ही बैठक आहे.

बैठक म्हणजे नुसतं बघणं नव्हे. टीपॉयवर एक लांबट, कापडी पाठीची वही असते. वरच्या कोपऱ्यात 'मिर्ची नगर' असं लाल शाईत लिहिलेलं. जमादारांची नोकरी बहुतेक लिहिण्यातच गेली. चोर पकडणारे वेगळे. तो पकडला हे कोर्टात टिकेल असं लिहिणारे जमादार. फिर्याद, पंचनामा, जबाब, स्टेशन डायरी, मुद्देमालाची पावती. रात्री दोनला घटनास्थळी पोचायचं आणि पहाटे पाचला कार्बन घालून कागद करायचे, अशी वर्षं काढलेल्या माणसाला मिर्ची नगरात पहिली गोष्ट दिसली ती ही, की तिथे कोणीच काही लिहीत नाही. खलनायक पडला, टाळ्या झाल्या, जाहिरात लागली. म्हणून राहिलेलं काम जमादार करतात. प्रत्येक भागाचा गुन्हा नोंदवतात.

एकदा ते आत पाणी प्यायला गेले असताना मी वही ओढून एक नोंद वाचली. भागात सोन्याचं दुकान लुटलेलं असावं. नोंद अशी होती:

"ठिकाण: मिर्ची नगर बाजारपेठ. जिल्हा: (मोकळा). फिर्यादी: पुढे आला नाही. आरोपी: अनोळखी इसम चार, तोंडास फडके. सोबत यंत्रमानव एक, उंची अंदाजे दोन मजले. गेला माल: समजून आले नाही, पोत्यात होता. पंच: हजर असलेले सर्व इसम पळून गेल्याने मिळाले नाहीत. घटनास्थळी एक माकड दिसले, परंतु जबाब देण्यास असमर्थ."

खाली जमादारांनी कलमाची जागा सोडून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. ते बाहेर आले तेव्हा मी विचारलं, यात अडलं काय? त्यांनी चष्मा काढला. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते दोन दिवस थांबलेले असावेत.

"दरोड्याला पाच जण लागतात. पाच किंवा जास्त. पूर्वी ३९१, आता ३१०. हितं माणसं चारच. म्हणजे जबरी चोरी, पूर्वी ३९२, आता ३०९. पण यंत्रमानवाला इसम धरला तर पाच होतात, दरोडा बसतो."

"मग धरायचा का?"

"धरला तर त्याला अटक दाखवावी लागती. चोवीस तासांत कोर्टाफुडं उभा करायचा. दोन मजली आरोपी न्यायचा कशातनं? न्हाय धरला तर त्यो मुद्देमाल. मग त्याला सील करून मुद्देमाल खोलीत ठेवायचा." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. साताऱ्यातली कुठलीतरी मुद्देमाल खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली असणार. "मावत न्हाय."

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, तेव्हा निवृत्त माणसाला त्याचं काय पडलंय, असं आम्हाला वाटलं होतं. जमादार दुसऱ्याच दिवशी राजवाड्यापाशी जाऊन न्याय संहितेचं आणि नागरिक सुरक्षा संहितेचं अशी दोन्ही पुस्तकं घेऊन आले. मिर्ची नगरचे जुने गुन्हे जुन्या कलमांनी राहतील, नवे नव्या कलमांनी, असा त्यांनी वहीत शेराच मारला. खात्यातल्या नोकरीवरच्या पोरांनी अंमलबजावणी इतकी मनापासून केली असेल का, मला शंका आहे.

पण मोठा पेच वेगळाच होता. मुळात पोरगा पोलीस आहे का? वयाने नाही, भरतीने नाही, नेमणूक आदेश कोणी पाहिलेला नाही. मग त्याने केलेल्या सगळ्या अटका बेकायदा ठरतात, आणि वहीतले सगळे आरोपी एका फटक्यात सुटतात. हा विचार जमादारांना एका रात्री आला आणि त्या रात्री ते झोपले नाहीत, हे काकूंनी सांगितलं. "नोकरीत हुते तवा बंदोबस्तापायी घरी न्हाईत. आता घरी हाईत तर त्या पोराच्या जामिनापायी झोप न्हाय," असं त्या म्हणाल्या, पण चहा मात्र दोनदा करून दिला.

सकाळी जमादार खुशीत होते. खासगी इसमालाही अटक करता येते! समोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणीही धरू शकतो. पूर्वी कलम ४३, आता ४०. अट एवढीच की धरलेला माणूस पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, नव्या कायद्याने सहा तासांच्या आत. "आपला पोरगा तर पाच मिन्टांत देतोय!" जमादारांनी टाळीच दिली. राहिला प्रश्न खाकीचा. लोकसेवक नसताना त्याची वर्दी घालणं हा गुन्हा, पण त्यात कपटाचा हेतू लागतो. हेतूच्या रकान्यात जमादारांनी ठळक लिहिलं: "आढळून येत नाही." आणि त्या पोराला स्वतःच्या अधिकारात सोडून दिलं.

माणूस बावळट आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. सिनेमापेक्षा कार्टून बरं का, याचं त्यांचं उत्तर मी ऐकलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमकं आहे. "पिच्चरमधी शेवटाला काय करत्यात? सगळं पोलीस एक होऊन त्या व्हिलन शिक्रेला संपवत्यात आन कागद जुळवत्यात. लोक शिट्ट्या मारत्यात. आरं, कागद जुळवणारा मी! मला इचारा त्यो जुळवलेला कागद पुढं किती वर्सं छातीवर बसतो ते." इथे ते थांबतात, आणि कोणी खोदून विचारत नाही. मग म्हणतात, "कार्टूनमधी कोण मरत न्हाय. हाणतोय, बांधतोय, ताब्यात देतोय. पिच्चरपेक्षा हेच कायद्याला धरून हाय." मला हे पटतं. मुलांसाठी म्हणून सिनेमातला मुडदा काढून टाकला आणि गंमत अशी झाली, की मोठ्यांच्या गोष्टीत नसलेला कायदा लहानांच्या गोष्टीत आपोआप शिरला.

बाकीच्या भावंडांशी त्यांचं जमलं नाही. या धंद्यात एक चाललं की रांग लागते. २०१९ मध्ये 'गोलमाल ज्युनियर' आलं, पुढच्या वर्षी पोगोवर 'स्मॅशिंग सिम्बा', २०२१ मध्ये 'दबंग'ही कार्टून होऊन आला. 'गोलमाल' त्यांनी पाच मिनिटांत बंद केलं. त्यात पोलीस ठाण्याचा संबंध नाही. सिम्बाबद्दल पूर्वग्रह आहे. "पिच्चरात आधी पैसे खातो, मग सुधारतो. पोरांना फक्त सुधारलेला दाखवला. सर्व्हिस बुक कोरं केलं म्हणून माणूस कोरा होतोय व्हय?" 'दबंग'चं मात्र मौन. तो सिनेमा वाईला चित्रित झाला, उत्तर प्रदेश म्हणून आपलंच वाई दाखवलं, आणि गर्दी आवरायला खरे पोलीस लागले. त्या बंदोबस्तात मिळालेला वडापाव गार होता, एवढंच ते बोलतात.

वाईचाच आणखी एक किस्सा आहे आणि सगळ्या प्रेमाचं मूळ बहुधा तिथे असावं. प्रकाश झांच्या २००३ सालच्या 'गंगाजल'चं चित्रीकरण वाई-सातारा भागात झालं. गोष्ट बिहारची, त्यात देवगण जिल्ह्याचा एसपी. जमादार तेव्हा साधे हवालदार, बंदोबस्ताला उभे. गाडी थांबली, दार उघडलं, खांद्यावर अशोकस्तंभ आणि तारा लावलेला माणूस उतरला, आणि जमादारांच्या टाचा आपोआप जुळल्या. कडक सॅल्यूट. नट बिचारा गोंधळला, आणि त्यानेही परत केला. भोवतीचे लाइटवाले हसले. जमादार म्हणतात, "आमच्या खऱ्या सायबांनी कधी नीट परत केला न्हवता. ह्याचा हात कपाळापर्यंत पुरा आला." देवगणला हे आठवत असण्याचं काही कारण नाही. आणि किस्सा दरवर्षी थोडा वाढतो. गेल्या दिवाळीत नट त्यांच्याशी दोन शब्द बोललाही होता.

गणपतीत सोसायटीच्या वेशभूषा स्पर्धेला वरच्या मजल्यावरचं पोरगं लिटल सिंघम होऊन आलं. त्याच्या आईने हौसेने शिवलेली खाकी, पुठ्ठ्याचा बिल्ला, गॉगल. जमादार परीक्षक नव्हते, पण स्टेजमागे त्यांनी झडती घेतली. बकल मध्यावर आणलं, शर्टाची चुणी मागे ओढून खोचली, टोपी दोन बोटं खाली घेतली. "सलामीला तळहात फुडं दिसला पायजे, बोटं जुळलेली." पोरगं स्टेजवर गेलं, खाडकन सलामी दिली आणि पाठ केलेलं वाक्य विसरलं. नंबर परीला मिळाला. जमादारांनी निकालावर लेखी हरकत दिली, ती मंडळाच्या अध्यक्षांकडे अजून प्रलंबित आहे.

परवा त्यांच्या घरी डिशवाला पोरगा आला होता. चित्र अडकतंय म्हणून बोलावलेला. तो वायरी बघत होता तोवर मालिका सुरू झाली आणि जमादार ताठ झाले. तोच यंत्रमानव, तेच चौघे, तेच पोतं.

"ह्यो कसा बाहेर? ह्याला तर आत घातलाय आपण."

"आवं काका, रिपीट हाय ते," पोरगा वायर तोंडात धरून म्हणाला.

"किती येळा झालं असं?"

"लय येळा. म्हैन्याला एकदा तर लागतंयच."

जमादारांनी वही उघडली, मागच्या नोंदी चाळल्या, मान डोलावली. "सराईत हाय. ५६ खाली प्रस्ताव घालतो, तडीपार करून टाकू. दोन वर्सं जिल्ह्यात पाय ठेवता कामा न्हाय."

"कुठल्या जिल्ह्यात काका?"

जमादारांचा हात तिथेच थांबला. त्यांनी पहिल्या पानापासूनचा तो मोकळा रकाना पाहिला, मग पोराकडे पाहिलं. त्याच्या शर्टावर डिश कंपनीचं नाव होतं. "तुमच्या हापिसला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, मिर्ची नगर कुठल्या एसपीच्या हद्दीत येतंय तेवढं लेखी कळवा. तोवर बिल भरत न्हाय."