गंज परवडला

वस्तऱ्याला गंज खातो हे खरं, पण तो जेवतो फार सावकाश. त्याच्याहून मोठा खादाड म्हणजे सुट्टीच्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसलेला, आजोबांच्या वस्तऱ्याला पुन्हा नवा करायला निघालेला उत्साही नातू. गंजाला जे करायला चाळीस वर्षं लागतात ते हा गृहस्थ दुपारच्या चहाच्या आत उरकतो. वस्तरे गंजामुळे कमी आणि गंज काढण्यामुळे जास्त वाया जातात, असं माझं म्हणणं आहे; आणि त्याला साक्ष मी पोलादाचीच काढणार आहे, नातवांची काढण्यात अर्थ नाही.

शेफिल्डचा असो की जर्मनीतल्या झोलिंगेनचा, जुना वस्तरा म्हणजे सुमारे १ टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असलेलं, पाणी देऊन कडक केलेलं पोलाद. पोलाद कडक करण्याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो, आणि पुढे त्याचा घातही पाणीच करतं. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. पातं दोन्ही अंगांनी पोखरून इतकं पातळ केलेलं असतं की अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून दाबलं तर लवतं. दाढीचा केस शंभरेक मायक्रॉन जाड, आणि तो कापणारी धार टोकाशी एक मायक्रॉनसुद्धा नाही. त्यामुळे गंजाला धारेवर बसायला जागा फारशी लागत नाही. खसखशीच्या दाण्याएवढा डाग तिथे पडला आणि मुरला, की पुढे दगडावर घासताना धार नेमकी त्या खड्ड्यापाशी तुटते. समोरचा एक दात पडलेल्या माणसासारखा वस्तरा हसू लागतो. तोच डाग पाठीवर पडला तर काही बिघडत नाही. पाठ दाढी करत नाही.

पण नातवाला राग येतो तो पाठीवरच्या डागाचा, कारण तोच डोळ्यांना दिसतो. इथे खरा घोटाळा सुरू होतो. वस्तरा दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकवतात. धारेचा कोन ठरतो तो पाठीच्या जाडीवर. पाठ घासून चकचकीत केली की कोन बदलला. पात्यावरची कारखान्याची नक्षी गेली ती वेगळीच. शिवाय गंज निघाला तरी त्याने केलेला खड्डा निघत नाही, खड्डा ‘काढायचा’ म्हणजे आजूबाजूचं सगळं पोलाद त्याच्या पातळीला आणायचं. गावात एक घर पडकं म्हणून सगळ्या गावाची एक एक भिंत पाडण्यासारखं हे आहे. त्यातून कुणी ग्राइंडर आणला तर बघायलाच नको. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून ते पुन्हा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचा हट्ट जरा उतरवतात. चाकाखाली पातळ धार बघता बघता त्याच्या कितीतरी वर तापते आणि निळी पडते. रंग मोठा सुरेख असतो; फक्त त्या जागी पुन्हा धार टिकत नाही.

दुसरा पंथ स्वयंपाकघरातल्या वैद्यांचा. व्हिनेगर, लिंबू, चिंच यांनी गंज विरघळतो, नाही असं नाही. पण गंज संपला की आम्ल पोलादाकडे वळतं. पंगतीतून कधी उठायचं हे त्याला कळत नाही. काहीजण लिंबाला मीठ लावून चोळतात. मीठ म्हणजे गंजाला घरी जाऊन अक्षत दिल्यासारखं झालं.

मग काय, गंज आहे तसाच पोसायचा? तसं नव्हे. तांबडा, बोटाला लागणारा गंज काढलाच पाहिजे, कारण तो ज्या लोखंडातून होतो त्याच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, फुगतो, पापुद्रे धरतो आणि पापुद्र्याखाली ओल जपून ठेवतो. तो तेलाचं बोट आणि मऊ फडक्यावर घेतलेलं धातूचं पॉलिश यांनी, पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने पुसत निघतो तेवढा काढावा. काळपट करडा डाग मात्र बोटाला लागत नाही, वाढतही नाही. त्याला भाडेकरू समजून राहू द्यावं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला तो अंगावर बसलेल्या गंजाच्याच एका पातळ, घट्ट थरामुळे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे म्हणून हा थर धरला. त्याला कुणी पॉलिश पेपर लावला नाही हे आपलं नशीब. आणि लोकांच्या मिठ्यांपासून वाचवायला शेवटी कुंपण घालावं लागलंच.

‘स्टेनलेस घ्या, कटकट मिटवा,’ हा आक्षेप वजनदार आहे. १९१३ साली शेफिल्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधता शोधता सुमारे १३ टक्के क्रोमियमचं मिश्रण केलं आणि त्याला डाग पडेनात. तिथल्या कारागिरांनी मात्र न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढणारा म्हणून त्याची टिंगल केली. पुढे स्टेनलेसचे चांगले वस्तरे निघाले, ते जरूर घ्यावेत. पण आजोबा तेवढ्याने स्टेनलेस होत नाहीत. सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून घालतात, ते गंजायच्या आत कचऱ्यात जातं, तेव्हा तिथे हा प्रश्नच नाही. राहता राहिला धनुर्वात. तो माती-शेणातल्या जंतूंनी होतो, गंजाने नाही. गंजाच्या नावावर एवढाही गुन्हा धड लावता येत नाही.

खरा गुन्हा घडतो तो दाढी संपल्यावरच्या अर्ध्या मिनिटात. साबणाचा फेस अल्कधर्मी, तो पोलादाला तितकासा जाचत नाही. वस्तरा नळाखाली धुतला, झटकला आणि मिटला, की एक थेंब मुठीच्या दोन फळ्यांमधून ओघळत खिळीपाशी जाऊन बसतो, आणि तिथे ना वारा पोचतो ना फडकं. म्हणून धुवायचं ते फक्त पातं, मग पुसायचं, चामड्याच्या पट्ट्यावर चार हात फिरवायचे आणि तासभर उघडाच ठेवायचा. तुरटीच्या ओल्या खड्यापासून दूर. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. हवेत साठ टक्क्यांवर दमटपणा गेला की गंज जोरात धरतो, आणि कोकणातला श्रावण ऐंशीच्या खाली क्वचित येतो, तेव्हा वस्तऱ्याची जागा न्हाणीघरात नाही. मखमलीची डबी आणि चामड्याची म्यान दिसायला राजेशाही, पण दोन्ही ओल धरतात. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी तर म्हातारपणी कुजून आम्लाची वाफ सोडतात आणि आपल्याच पात्याला खातात. तेल लावायचं तर खोबरेल नको, ते खवट होतं. जवसाचं नको, ते वाळून चिकटा धरतं. शिलाई मशीनचं तेल एक थेंब, पुसून टाकल्यासारखं.

एवढं केलं की नातवाला करायला काही उरत नाही, आणि हीच या पद्धतीतली मोठी अडचण आहे. हाताला चाळा हवाच असेल, तर माळ्यावर तांब्याचा बंब आहे. चिंचही त्याच्याचसाठी आहे.