फेरफारवाले काका

आमच्या शेजारचे काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले, पण फेरफार काही त्यांना सोडेना. मुलानं त्यांना ओपनस्ट्रीटमॅप दाखवला, २००४ साली सुरू झालेला, जगातल्या कुणीही दुरुस्त करावा असा नकाशा. दुसऱ्या कुणी आधी आपलं घर शोधलं असतं. काकांनी विचारलं, "कोनं बदललं, कवा बदललं, हे कुठी दिसते?" तेही दिसतं म्हटल्यावर ते जे बसले, ते अजून उठलेले नाहीत.

पेपरच्या आधी त्यांना बडनेरा ते अकोला रात्रीतून काय हललं ते बघायचं असतं. विहीर असो की पूल, कुणी बोट लावलं की आवृत्ती एकानं वाढते. पुसलेली वस्तूही इतिहासात शिल्लक राहते. "सातबाऱ्यावरून नाव जाईन, फेरफारातून कसं जाईन बाप्पा?"

खरा राग तुकडे पाडणाऱ्यांवर. रेषा मधोमध तोडली की जुना क्रमांक एकाच तुकड्याकडे राहतो, दुसरा आवृत्ती १ घेऊन बेवारशासारखा नव्यानं जन्मतो. "पोटहिस्सा पाडला अन् मूळ गटाचा पत्ताच नाही! आमच्या हापिसात निलंबन झालं असतं." अमरावती-अकोला हायवेनं तर त्यांचा छळच मांडला. नंबर ६ चा ५३ झाला, तेवढं चाललं. जुना नंबर वेगळ्या रकान्यात ठेवता येतो. पण चौपदरीकरणात एका रेषेच्या दोन झाल्या. २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला, तेव्हा काका म्हणाले, "रस्ता पाच दिवसांत केला राजेहो, नोंदी निस्तराले मले वरीस लागन."

शकुंतला रेल्वेच्या बाबतीत मात्र ते हळवे. कुण्या दूरच्या माणसानं त्या अडीच फुटी लायनीवर 'रूळ उखडले' असं ठोकून दिलं. काका भर उन्हात मूर्तिजापूरला गेले, बाभळीत शिरले, फोटो काढले आणि नोंद फिरवली: गाडी बंद, रूळ जागेवर.

बदलाचं कारण लिहायला शेऱ्याची जागा असते. ती कोरी ठेवणाऱ्याला काका निरोप धाडतात, अगदी अदबीनं, पण दर आठवड्याला. परवा काकूंनी दिवाण खिडकीखाली सरकवला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेरा?"

"झाडाले अडत होता."

काका पुन्हा मोबाइलमध्ये गेले.