आमचं दालन कुठंय?

आमचं गाव वरवे बुद्रुक. बुद्रुक म्हणजे फारसीतलं बुजुर्ग, अर्थात थोरलं. शेजारी वरवे खुर्द आहे म्हणून आम्ही थोरले. कात्रजच्या पलीकडं हे थोरलेपण चालत नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मित्र ते खिशात घालून बोगदा ओलांडून पुण्यात उतरलो आणि थेट राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठलं.

दिनकर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला लागले ते जन्मभर. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या पसाऱ्याला दिलं. अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्र्या.

“आरं, ही वज्री तर आमच्या आजीची!” एक मित्र ओरडला. रखवालदारानं डोळे वटारले. आजीची नव्हतीच ती. आजीची वज्री ह्याच्या वडिलांनी तांब्याच्या हंड्यासोबत मोडीत घातली आणि त्या पैशात प्लास्टिकचं पिंप आणलं. म्हणजे केळकर दारोदार फिरून जमवत होते आणि आम्ही घरबसल्या मोडीत घालत होतो. एवढ्या नेटानं घातलं नसतं, तर हे बघायला पैसे देऊन कोण आलं असतं? या संग्रहालयाचे खरे आश्रयदाते आम्हीच. तिकीट मात्र पुरं लागलं.

कोथरूडहून आणून इथं उभा केलेला मस्तानी महाल पाहून दुसरा मित्र हळहळला. त्याचा जमिनीचा धंदा. “आपल्याकडं असता तर आधी एनए करून घेतला असता.”

चहा पिताना विषय निघाला: शंभर वर्षांनी वरवे बुद्रुकचं दालन उघडलं तर मांडायचं काय? टोलच्या पावत्या, ‘हायवे टच प्लॉट’चा फलक, सत्कारात मिळालेल्या आणि पुढच्या सत्काराला दिलेल्या शाली. मध्यभागी ‘भावी सरपंच’चा फ्लेक्स. जतनाची चिंता नाही, तो कुजतच नाही. अडचण जागेची. केळकरांच्या वीस हजारांवर वस्तूंपैकी जेमतेम अडीच हजार मांडलेल्या असतात. आमच्या एका वाढदिवसालाच तेवढी भिंत लागते.

संध्याकाळी फाट्यावर उतरलो तर नवा फ्लेक्स झळकत होता. शुभेच्छुकांत आम्ही तिघेही होतो, खालून दुसऱ्या रांगेत. माझं आडनाव चुकलंय.