दहा बोटांवरून मूल ओळखणाऱ्यास

महाशय,

तुमच्या कार्डावर नावाखाली 'सर्टिफाइड टीनएज कौन्सेलर' असं छापलेलं आहे. हे प्रमाणपत्र कोणी दिलं? किती दिवसांच्या प्रशिक्षणानंतर दिलं? रडणाऱ्या मुलासमोर गप्प कसं बसायचं, हे त्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं का? उत्तरं मला नकोत. ज्यांनी तुम्हाला पैसे मोजले, त्यांना द्या.

मी शाळेत समुपदेशक आहे. आठवी ते दहावीची मुलं माझ्याकडे येतात, त्यांचे आईवडील येतात, आणि अलीकडे त्यांच्या पिशवीतून तुमचा स्पायरल बाइंडिंग केलेला रंगीत अहवाल निघतो. डीएमआयटी, म्हणजे 'डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट'. मुलानं दहा बोटं स्कॅनरवर टेकवायची, आईवडिलांनी काही हजार रुपये भरायचे. मग कळतं की डावा मेंदू इतके टक्के, उजवा इतके, मुलानं विज्ञान घ्यावं की वाणिज्य, आईनं त्याच्याशी कसं बोलावं आणि बाबांनी कसं.

असाच एक अहवाल माझ्या टेबलावर आला. नववीतला मुलगा. रात्र रात्र जागा, संध्याकाळचं क्रिकेट बंद, जेवणाचं ताट खोलीत न्यायचा आणि तसंच परत आणून ठेवायचा. वडिलांचं म्हणणं, 'आमच्या घरात असलं काही नाही, वय आहे, लाड कमी करा.' आई त्यांच्या मागे लागली होती, आपण कुणाला तरी दाखवू या. खूप दिवसांनी ते कसेबसे तयार झाले, आणि तिघं तुमच्यासमोर येऊन बसले. तुम्ही सांगितलंत, मुलगा 'किनेस्थेटिक लर्नर', म्हणजे हालचालीतून शिकणारा, आहे, अभ्यासाची पद्धत बदला. वडिलांना हेच ऐकायचं होतं. तो झोपतो का, असं तुम्ही विचारलंत? तो शेवटचा कधी हसला, असं आईला विचारलंत? वडिलांना पाच मिनिटं बाहेर बसवून मुलाशी एकट्यानं बोललात? अहवालात नैराश्य कोणत्या बोटात असतं, महाशय? जीव द्यावासा वाटणं कोणत्या बोटात असतं?

पैसे पुन्हा मिळवता येतात. पण अशा घरात मदत मागायची हिंमत फार सावकाश जमते. नातेवाइकांपासून लपवून, नवऱ्याची समजूत काढून, मुलाच्या शिव्या खाऊन एखादी आई ती जमवते. ती सगळी हिंमत तुमच्या स्कॅनरवर खर्च झाली. 'दाखवून आलो ना एकदा' हे वाक्य आता त्या घरात पुढच्या प्रत्येक दारावर कुलपासारखं लागलेलं आहे. माझा राग त्याचा आहे.

आता तुमच्या शास्त्राबद्दल. बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच घडतात, साधारण दहाव्या आठवड्यापासून पुढच्या काही महिन्यांत, आणि मग जन्मभर तशाच राहतात. तशाच राहतात म्हणून तर त्यांचा उपयोग माणूस ओळखायला होतो. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं ते याच बळावर. काही जनुकीय विकारांच्या अभ्यासात डॉक्टरही तळहाताच्या रेषा पाहतात. पण जी गोष्ट जन्माआधी ठरली आणि नंतर कधी बदललीच नाही, ती चौदाव्या वर्षी शाळा बदलल्यानं, मित्र तुटल्यानं किंवा घरातल्या भांडणानं हादरलेल्या मुलाबद्दल काय सांगणार? हॉवर्ड गार्डनर यांचं नाव तुम्ही पहिल्या पानावर टाकता. त्यांचं 'फ्रेम्स ऑफ माइंड' १९८३चं. ठशांवरून बुद्धी मोजायची कोणतीही रीत त्यात नाही. देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचं जाहीर निवेदन काढलं आहे. ते तुमच्या टेबलावर ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही.

मुलाचा कल जाणून घ्यायचा असेल, तर त्याला प्रश्न सोडवायला द्यावे लागतात, आवडीनिवडी विचाराव्या लागतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था हे काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. राज्य मंडळानंही २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती. तिच्यातल्या उणिवांवर बोलता येईल, पण निदान मुलाला काहीतरी विचारलं जात होतं.

आणि कल हा त्या नववीतल्या मुलाचा प्रश्नच नव्हता. त्याच्या घराला जी मदत हवी होती ती कशी असते, हे तुम्ही एकदा ऐकाच. पहिल्या भेटीत बहुतेक वेळा मूल बोलत नाही. खिडकीबाहेर बघतं, मोबाइलच्या कव्हरची कड उचकटत बसतं. समोरच्यानं ते चालवून घ्यावं लागतं. तू सांगशील ते आईबाबांच्या कानावर घालणार नाही, मात्र तुझ्या जिवाला धोका वाटला तर सांगावंच लागेल, हे त्याला आधीच स्पष्ट करावं लागतं. मग झोप, भूक, शाळा, मोबाइल, व्यसन आणि जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावं लागतं. असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात विचार घुसतो ही भीती चुकीची आहे. विचारल्यावर बरीच मुलं सुटका झाल्यासारखा श्वास सोडतात. त्यानंतर आईवडिलांची पाळी. रोज जेवताना मार्कांचा विषय कोण काढतं, दार आपटल्यावर कोण ओरडतं, कोण गप्प बसतं. हे सगळं हळूहळू उलगडतं, आणि कधी औषधांची गरज दिसते, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. त्या भेटींतून रंगीत अहवाल निघत नाही. घरातली बोलण्याची पद्धत बदलते, तीही कष्टानं.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं दिसलं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात. तुम्ही या गर्दीत टेबल मांडून बसला आहात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. आता शाळा माणसं शोधतील, आणि तुमचं कार्ड मुख्याध्यापकांच्या टेबलावर आधी पोचेल. 'पात्र' या अटीची मी प्रत्येक ठिकाणी आठवण करून देणार आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तुमचा नोंदणी क्रमांक कार्डावर का नाही, हे पालकांनी तुम्हाला विचारावं, असं मी त्यांना सांगते.

मदत महागच असते, म्हणून लोक तुमच्याकडे येतात, हे तुमचं म्हणणंही ठाऊक आहे. खासगी भेटी अनेकांना परवडत नाहीत, हे खरं आहे, आणि त्याचा मला संताप येतो. पण ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू आहे, मराठीतही बोलता येतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिकं आहेत. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. यातलं काहीच पुरेसं नाही. तरी तुमच्या माहितीपत्रकात यातली एक ओळ छापायला किती शाई लागली असती?

माझी मागणी छोटी आहे. त्या मुलाच्या आईचे पैसे परत करा. आणि सोबत तुमच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह लिहून द्या की, हा अहवाल वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय निदान नाही आणि मुलाला तज्ज्ञाकडे नेणं थांबवू नये. पैशांपेक्षा तो कागद तिला लवकर हवा आहे. मुलाचे वडील अजून तुमचाच अहवाल पुढे करतात आणि रुग्णालयात यायला नाही म्हणतात.

एक शालेय समुपदेशक