पिच्चरच्या आधीचा

मुंबईत रॅपच्या छोट्या शोला तीन-चारशे पोरं उभी असली, तरी त्यांत मानकरी एकच: पिच्चरच्या आधीचा. पिच्चर म्हणजे फेब्रुवारी २०१९ मधला, मुंबईच्या रॅपरवरचा 'गली बॉय'. जगाची कालगणना इसवीसनानं चालते, याची त्या तारखेपासून. कुर्ल्याच्या रॅपर नेझीचं 'आफत' हे गाणं २०१४ चं, तेही आयपॅडवर केलेलं. अंधेरीच्या डिव्हाइनबरोबरचं 'मेरे गली में' २०१५ चं. ही सनावळी त्याला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ. शेजारची मुलगी "मस्त गातो ना?" म्हणाली, की तो आधी "गात नाही, रॅप करतो" अशी दुरुस्ती करतो आणि मग हळूच विचारतो, "तू कधीपासून ऐकतेस?" याला प्रश्न म्हणायचं नाही, ही कागदपत्रांची तपासणी.

माणूस हास्यास्पद आहे, हे कबूल. तरी स्वतंत्र रॅपरचा संसार याच्याच जिवावर चालतो, असं माझं मत आहे. पाठीशी कंपनी नसली की जाहिरात परवडत नाही. ऑनलाइन गाणं एकदा वाजल्याची कमाई रुपयात मोजताच येत नाही, पैशांत मोजावी लागते. मग उरतं काय? तिकीट, आणि दाराशी टेबल मांडून विकलेले टी-शर्ट. तो टी-शर्ट हाच घेतो. आपल्या मापाचा संपला असेल तर डबल एक्सेल घेतो. गुडघ्यापर्यंत लोंबला तरी इथे ती फॅशनच ठरते. चार मित्रांना धरून आणणाराही हाच. भांडवल, वितरण, प्रसिद्धी अशी सगळी खाती तो फुकटात सांभाळतो आणि लाभांश मागतो तो एवढाच, की 'मी आधीपासून' म्हणू द्या. स्वस्तात पडतो.

कुणी म्हणेल, हा ऐकतो कुठे, नुसता बोंबलतो. असं म्हणणाऱ्यानं रॅपरचा श्वास मोजलेला नाही. स्टुडिओत ओळी तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करता येतात. स्टेजवर उड्या मारत त्याच सलग म्हणताना छाती पुरत नाही. म्हणून तो ओळीचा शेवटचा शब्द सोडतो आणि माइक गर्दीकडे धरतो. यमक नेमकं तिथंच असतं. ते हा पुरवतो. तेवढ्यात वरचा दम खातो. शाहिरामागे झीलकरी असतात, तसाच हा. फक्त हा झीलकरी तिकीट काढून येतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: एवढं प्रेम आहे तर गर्दी वाढली की याचं तोंड वाकडं का? होतं खरं. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ साली 'बिग बॉस' जिंकला आणि ज्याचं नाव मावशीला समजावताना जीव मेटाकुटीला यायचा, त्याचं कौतुक मावशीच सांगू लागली. याच्या घरी सुतक. पण 'आम्ही बालगंधर्व ऐकलेत' एवढ्या भांडवलावर ज्यांनी पुढच्या पिढ्यांना गप्प बसवलं, त्यांना आपण रसिक म्हणत आलो. याच्या अंगात हुडी आहे, म्हणून हा आगाऊ?

पुढचा शो मैदानावर असतो. हा येतो, पण पार मागे, साउंडवाल्याच्या टेबलापाशी, हाताची घडी घालून, तेराव्याला आल्यासारखा. ओठ मात्र ओळीओळीला हलत असतात, आणि यमक आलं की घडी सुटते.